घरमालकांसाठी माहिती : भाड्याच्या जागेचा वाद उद्भवल्यास

सदनिका, दुकानाचा गाळा किंवा पेठेतील जुन्या वाड्याच्या खोल्या भाड्याने दिल्यानंतर ताब्याचा अथवा थकलेल्या भाड्याचा वाद उभा राहिला, की मालकाने सर्वप्रथम जागेत राहणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने कोण आहे हे पाहावे. ती लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याच्या केवळ परवानगीवर, राहत आहे की भाडेकरू आहे, यावर दाद कोठे मागायची, किती मुदत द्यायची आणि काय सिद्ध करायचे हे सर्व अवलंबून असते. 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये या दोघांसाठी दोन निरनिराळ्या वाटा सांगितल्या आहेत.

आमच्या कार्यालयात येणारे अनेक मालक नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार घेऊन येतात आणि एक वर्षाहून कमी मुदतीच्या कराराची नोंदणी लागत नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. महाराष्ट्रात हे खरे नाही. या कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा किंवा भाड्याचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी असावा लागतो व दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्यक्ष वादात त्याहून जड जाते ती याच कलमातील दुसरी तरतूद : नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो. महिना 18,000 रुपये आणि 50,000 रुपये डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सुमारे 500 रुपये होते, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये आहे. एवढ्या खर्चासाठी नोंदणी टाळू नये, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो.

राहण्यासाठी दिलेल्या जागेचा नोंदणीकृत करार हाती असेल आणि मुदत संपूनही ताबा मिळत नसेल, तर दिवाणी दाव्याऐवजी कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तेथे लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्या व्यक्तीला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत शपथपत्र देऊन बचाव मांडण्याची परवानगी मागावी लागते. तसे न केल्यास अर्जातील विधाने तिला मान्य आहेत असे समजले जाते. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते, म्हणजे वरील उदाहरणात दरमहा 36,000 रुपये. मात्र 31 मे रोजी करार संपला असताना जूनची रक्कम नेहमीच्या भाड्यासारखी खात्यात घेत राहिलात आणि एका ओळीचेही पत्र पाठवले नाही, तर मालकाने तोंडी मुदत वाढवून दिली, असा बचाव हमखास घेतला जातो. म्हणून रक्कम स्वीकारताना ती मुदतवाढ न समजता नुकसानभरपाईपोटी घेत आहोत, असे लेखी कळवावे. दुकान किंवा कार्यालयासाठी दिलेल्या जागेला कलम 24 ची ही वाट उपलब्ध नाही.

जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत अधिक धीर धरावा लागतो. भाडे थकले असेल, तर लेखी मागणीची नोटीस बजावल्यानंतर 90 दिवस उलटल्याशिवाय ताब्याचा दावा लावता येत नाही, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी 15 टक्के व्याज व खर्चासह न्यायालयात भरून पुढेही नियमित भाडे भरले, तर त्या कारणावरून ताबा मिळत नाही. कलम 16 मधील इतर कारणे, जसे की स्वतःची खरीखुरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे किंवा योग्य कारणाविना सलग सहा महिने जागा न वापरणे, पुराव्यानिशी सिद्ध करावी लागतात. स्वतःच्या गरजेच्या दाव्यात कोणाची अडचण मोठी, हेही न्यायालय पाहते. असे दावे मुंबई आणि पुण्यात लघुवाद न्यायालयात चालतात.

वाद कितीही चिघळला तरी पाणी किंवा वीज तोडू नये, कुलूप बदलू नये. अत्यावश्यक सेवा बंद करणे कलम 29 नुसार गुन्हा आहे. शिवाय बळाने बाहेर काढलेली व्यक्ती सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकते आणि त्या दाव्यात तुमची मालकी विचारात घेतली जात नाही. बाजू बळकट असलेली प्रकरणे या एका उतावळेपणाने बिघडतात.

डिपॉझिटवरून होणारे बहुतेक तंटे ताबा घेण्याच्या दिवशीच मिटवता येतात. वीजमीटरचे वाचन, पंखे, गिझर, नळ व भिंतींची स्थिती आणि परत मिळालेल्या चाव्यांची संख्या ताबा पावतीवर लिहावी, दोघांनी सही करावी आणि डिपॉझिटमधून काही वजा करायचे असल्यास त्याचे कारण व रक्कम तेथेच नमूद करावी.

आमच्याकडे पहिल्या भेटीला येताना मूळ करार व त्याचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), भाड्याच्या पावत्या किंवा बँकेचे खातेउतारे, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचे भागपत्र आणि आजवर झालेला सर्व पत्रव्यवहार, मोबाइलवरील संदेशांसह, सोबत आणावा. नोटीस आधीच पाठवली असेल, तर तिची प्रत आणि पोचपावतीही आणावी, कारण 90 दिवसांची मोजणी नोटीस बजावल्याच्या तारखेपासून होते.