सरकणारी कंडरा : बोटांच्या सोनोग्राफीमागचा इतिहास

मधल्या बोटाचे मधले पेर दुसऱ्या हाताच्या चिमटीत सरळ धरून ठेवा आणि फक्त टोकाचे पेर वाकवून पाहा. ही हालचाल एकट्या खोल कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या टेंडनची आहे. तिच्या वरून येणारी दुसरी कंडरा मधल्या पेरापर्यंतच पोहोचते, त्यामुळे टोकावर तिचा अंमल नाही. बोटांना वाकवणारे मुख्य स्नायू राहतात कोपर आणि मनगट यांच्या मधे. बोटापर्यंत येतात त्या त्यांच्या कंडरा. चार बोटांना अशा दोन-दोन, अंगठ्याला मात्र एकच लांब. बोटाच्या बुडाशी वरची कंडरा दुभंगते आणि खालची त्या फटीतून पुढे निघून जाते. १८ व्या शतकातले डच शरीररचनातज्ज्ञ पेट्रस कांपर यांचे नाव या जागेला चिकटले आहे.

कंडरांचे आकर्षण त्याहून जुने. शरीररचनातज्ज्ञ वेसालियसचा १५४३ मधला ग्रंथ उघडला की त्याचे स्वतःचे चित्र दिसते, आणि त्यात तो सोललेल्या हातातल्या बोटांच्या कंडराच दाखवतो आहे. पण तो हात मृताचा. कंडरेचे सगळे काम सरकण्यात असते आणि नेमके तेच शवविच्छेदनात दिसत नाही.

रोग मात्र हालचालीतच उघडे पडत होते. १८५० मध्ये फ्रान्समधल्या नोटा यांनी वाकवताना अडकणाऱ्या, मग खटकन सुटणाऱ्या बोटाचे वर्णन केले. आज त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या द केर्व्हें यांनी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला होणारे दुखणे नोंदवले. त्याच वर्षी डिसेंबरात रॉन्टगेन यांनी पत्नीच्या हाताचा क्ष-किरण फोटो काढला. त्यात हाडे दिसली, अंगठी दिसली. कंडरांचा मागमूस नव्हता. पुढे कित्येक दशके जिवंत माणसाची कंडरा पाहायची तर हात उघडावाच लागे.

ध्वनिलहरींकडे वळण्याची पहिली ठळक खूण १९५८ ची. ऑस्ट्रियाचे डॉक्टर कार्ल ड्युसिक यांनी सांध्याच्या आसपासच्या ऊतींमधून जाताना या लहरी किती क्षीण होतात ते मोजले. १९७२ मध्ये गुडघ्यामागची गाठ आणि शिरेतली गुठळी यांतला फरक सोनोग्राफीने दाखवला गेला. बोटांची पाळी लवकर आली नाही. कारण साधे आहे. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, ३.५ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची लांबी जवळपास ०.४४ मिलिमीटर भरते. कंडरेला हाडाशी धरून ठेवणारी पहिली कप्पी, ए-१, निरोगी असताना १ मिलिमीटरहूनही पातळ असते. एवढ्या जाड लहरीने ती कशी दिसणार? १८ मेगाहर्ट्झला हीच लांबी ०.०९ मिलिमीटरपर्यंत उतरते. वारंवारता वाढवली की लहर खोल जात नाही, हे खरे. पण बोटाच्या कंडरा कातडीखाली काही मिलिमीटरवरच असतात, म्हणून इथे त्याने अडत नाही.

यंत्र सुधारले तरी एक फसगत उरली होती, आणि मला या इतिहासातली ती सर्वांत महत्त्वाची वाटते. लहर काटकोनात पडली तर कंडरा नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखी दिसते: उजळ, बारीक, समांतर रेघा. प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवून लहरी सोडणारा यंत्राचा भाग, काही अंशांनी कलला की तोच भाग काळा पडतो. तुटलेली किंवा सुजलेली कंडराही काळीच दिसते. निरोगी कंडरेच्या या काळेपणापासून सावध राहा, असे ब्रुनो फोर्नाज यांनी १९८७ मध्ये स्पष्ट लिहिले. बोट वाकडेतिकडे, कंडरा सांध्यांवरून वळत जाणारी. त्यामुळे प्रत्येक पेरावर प्रोब पुन्हा डोलवून पाहावाच लागतो. काळा डाग कोन बदलल्यावर उजळला, तर ती इजा नव्हती.

इथून पुढे हालचाल पडद्यावर आली. तळहातावर बोटाच्या बुडाशी जेल लावून छोटा प्रोब उभा ठेवायचा आणि रुग्णाला बोट हळूहळू मिटायला सांगायचे. दोन्ही कंडरा एकमेकींवरून सरकताना दिसतात. ट्रिगर फिंगर असेल तर जाड, काळपट झालेल्या ए-१ कप्पीच्या काठाशी कंडरा थबकते, मग झटक्याने पार होते. नोटा यांनी बोटांनी चाचपून जे ओळखले, ते आता डोळ्यांसमोर घडते. गिर्यारोहकांत ए-१ च्या पुढची ए-२ कप्पी तुटते, तेव्हा बोट जोर लावून वाकवल्यावर कंडरा हाडापासून दूर उचलली जाते आणि ते अंतर तिथल्या तिथे मोजता येते.

अंगठ्याच्या बाबतीत फायदा आणखी ठोस आहे. द केर्व्हें यांच्या दुखण्यात मनगटाच्या एकाच कप्प्यातून दोन कंडरा जातात, पण काही जणांत त्या कप्प्यात मधे पडदा असतो. स्टेरॉइडचे इंजेक्शन एका खणात गेले आणि दुखणारी कंडरा दुसऱ्या खणात राहिली, तर आराम पडत नाही. आडव्या छेदात हा पडदा काळ्या रेघेसारखा दिसतो, आणि सुई कोणत्या खणात न्यायची ते टोचण्यापूर्वीच ठरवता येते.