पहाटेचा पहिला सेल्फ

डिसेंबर लागला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवडच्या पट्ट्यात भल्या पहाटे एक आवाज हमखास कानावर येतो: रात्रीच माल भरून ठेवलेली जुनी डिझेल पिकअप आणि तिच्या सेल्फची, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरची, रडतखडत चाललेली घरघर. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली जातो, त्यामुळे दोष आपसूक थंडीच्या माथी जातो. मेकॅनिक येईपर्यंत दहा वाजलेले असतात, ऊन चढलेलं असतं, गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. मग निदान ठरलेलं: "काही नाही हो, गारठ्यानं झालं."

हे निदान मला पटत नाही. त्याच गारठ्यात शेजारच्या अंगणातली त्याच वर्षाची गाडी लगेच सुरू झालेली असते. थंडीचा वाटा नेमका किती, हे थोडं गणित करून पाहता येतं.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, तोच हा प्रकार. फक्त इथे हवा अठरा-वीस पट दाबली जाते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याचं मर्म हेच होतं.

आता हवेला अठराव्या हिश्श्याच्या जागेत दाबणारं धडधाकट इंजिन घेऊ. बाहेरची हवा २७ अंशांची, सेल्फ जोमात. थोडी उष्णता सिलिंडरच्या गार भिंती खातात, तरी दाबाच्या शेवटी हवा ढोबळमानाने ४४० अंशांपर्यंत तापते. बाहेर ५ अंश असतील तर ३९० अंशांपर्यंत. डिझेल पेटायला अडीचशेच्या आसपास तापमान लागतं, आणि सेल्फ फिरताना मिळणाऱ्या निमिषभरात पेटायचं तर त्याहून बरंच जास्त. ३९० ला गाडी सुरू व्हायला हरकत नसते. पण त्याच ५ अंशांत सेल्फ मरगळून फिरू लागला आणि पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांमधून हवा निसटू लागली, तर आकडा २२० च्या घरात येतो. म्हणजे थंडीने ५० अंश नेले, आणि सुस्त सेल्फ व गळका दाब या जोडीने आणखी १७०. पिस्टन जितका हळू वर येईल, तितका उष्णतेला भिंतीत मुरायला आणि हवेला रिंगांतून सटकायला जास्त वेळ मिळतो.

म्हणून तपासणी सुरू करायची ती सेल्फच्या वेगापासून. त्यासाठी मोबाइल पुरतो. पहाटे बॉनेट उघडून सेल्फचा आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर शांतपणे ऐका. त्या घरघरीत एक लय असते, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना सेल्फला अडवतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात असे दोन हुंदके येतात. सेकंदाला पाच हुंदके मोजले तर इंजिन मिनिटाला १५० फेरे घेतंय, म्हणजे ठीक. तीनच भरले तर ९० फेरे, आणि त्या वेगाला जुनं इंजिन थंडीत सुरू होणं अवघड.

वेग कमी भरला की सगळे बॅटरीकडे वळतात आणि बऱ्याचदा नवी बॅटरी विनाकारण विकत घेतली जाते. आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. हे सगळं ठीक असूनही सेल्फ सुस्त असेल, तर संशय अर्थिंगवर घ्यावा, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे वीज परतण्याच्या वाटेवर.

अर्थिंगची चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवा, वर बसवलेल्या क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खुंटावर. दुसरी पिन इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडून उघड्या लोखंडाला. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरने ०.२ व्होल्ट दाखवले तर वाट मोकळी आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर मधे कुठेतरी अडथळा आहे. १ व्होल्ट दिसला तर काय होतं पाहा: सेल्फ २५० अँपिअर ओढत असेल, तर त्या गंजलेल्या जोडात २५० वॉट नुसते उष्णतेत जातात. अडथळा असतो ओहमच्या हजार भागांतले जेमतेम चार भाग. साध्या मीटरच्या ओहमच्या खटक्यावर तो दिसतच नाही, आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासणीचा छोटा दिवा, तर त्या वाटेने लख्ख पेटतो. म्हणून "वायरिंग तपासलं, सगळं ओके" असं सांगितलं जातं. जुन्या पिकअपमध्ये शेतातला चिखल आणि धुण्याचं पाणी गिअरबॉक्सजवळच्या अर्थच्या पट्टीवर वर्षानुवर्षं बसतं. बोल्ट काढून पाहिला की वॉशरखाली पांढरी-हिरवी पूड सापडते. पॉलिश पेपरने घासून पट्टी परत कसली की सेल्फ पुन्हा जोर धरतो.

ऑइलकडेही एकदा बघा. १५-डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांपेक्षा ४० अंशांना सात-आठ पट घट्ट असतं, आणि ५ अंशांना त्याहून कितीतरी पट. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल "इंजिन म्हातारं झालंय" म्हणून भरलं, की पहाटेचा सेल्फ तेच मळत बसतो.

वेग चांगला आहे, तरी गाडी सुरू होत नाही? मग सायलेन्सरकडे बघा. सेल्फ फिरताना धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेलंच नाही. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर असेल, तर डिझेल पोचलंय पण पेटत नाही. अर्धं निदान या एका नजरेत होतं, म्हणून पहाटे अंधार असला तरी कुणीतरी टॉर्च घेऊन मागे उभं राहावं.

धूर नसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिझेल लाइन एअर घेते. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपात इंजिन चालताना ओढ असते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे कडक झालेल्या रबरी पाइपाला किंवा फिल्टरच्या वॉशरला बारीक चीर पडली, तर तिथून डिझेल गळताना दिसत नाही, हवा मात्र आत शिरते. रात्री त्याच चिरेतून हवा घेऊन डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. खात्री करणं सोपं आहे: पहिला सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हातपंप दाबा. बराच वेळ तो पोकळ लागला, मग कडक झाला आणि त्यानंतर गाडी झटकन सुरू झाली, तर दोष सापडला. चीर नेमकी कुठे आहे हे शोधायला पंपाआधी हातभर पारदर्शक पाइप घाला, बुडबुडे दिसतील. हातपंप पहिल्यापासून कडक असेल, तर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल चालू-बंद करणारा विजेवरचा खटका, चावी फिरवल्यावर टक्क करतो का ते ऐका.

पांढरा धूर येत असेल तर हीटर प्लग (सुरू करण्याआधी आतली हवा तापवणारे), नोझल (डिझेल फवारणारं तोंड), टायमिंग (फवारणीची वेळ) आणि दाब हे चौघे रांगेत उभे असतात. हीटर प्लग तपासायला सर्वांत सोपे. त्यांना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा न लागणारा प्लग मेला. महिंद्राच्या गाड्यांमध्ये पूर्वी प्यूजो बनावटीचं, डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणारं इंजिन येई. अशा इंजिनांत कप्प्याच्या गार भिंती जास्त उष्णता खातात, त्यामुळे त्यांना हीटरशिवाय गत्यंतर नाही. थेट पिस्टनवर फवारणाऱ्या इंजिनांना प्लगची गरज कमी. प्लग असलेल्या गाडीत ड्रायव्हर घाईत हीटरचा दिवा विझण्याआधीच सेल्फ मारतात, आणि याचा उपाय फुकट आहे.

हवेच्या पाइपाशी पेटता बोळा धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं मात्र कृपा करून थांबवा. स्प्रेमधला ईथर दोनशेच्या आतच पेट घेतो, म्हणजे पिस्टन वर यायच्या आधीच. पिस्टन वर येत असताना स्फोट त्याला खाली ढकलतो. रिंगा तुटतात, कधी पिस्टनच फुटतो. हीटर प्लग तापलेले असतील तर धोका आणखी वाढतो.

डिझेल गोठल्याची शंका आपल्याकडे काढू नये. तो त्रास खरा आहे तो लडाखमध्ये. तिथे डिझेलमधलं मेण थिजतं, म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. नाशिकच्या थंडीत फिल्टर तुंबला असेल तर तो बहुधा पाण्याने आणि गाळाने.

हे सगळं तपासून झालं तरी पांढरा धूर हटत नसेल, तर नोझल काढून प्रेशर तपासायला द्यावेत आणि त्याच भोकांतून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावं. चांगल्या डिझेल इंजिनात ते २५ ते ३० बारच्या आसपास असतं (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब). २० च्या खाली आलं, किंवा एक सिलिंडर इतरांपेक्षा चार-पाच बारने मागे पडला, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. उतारावर गाडी लावून सकाळी धक्क्यावर सुरू करणारे पुष्कळ जण आहेत. धक्क्याने इंजिन सेल्फपेक्षा वेगात फिरतं, म्हणून गळका दाबही झाकला जातो. "धक्क्यावर होते, म्हणजे इंजिन चांगलं, बॅटरीच खराब" हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. मोजमाप पहाटे, गार इंजिनावरच करून घ्या, कारण तशी संधी दिवसातून एकदाच मिळते. मेकॅनिकला आदल्या रात्रीच बोलावून ठेवा आणि तो येईपर्यंत चावीला हात लावू नका.