हर्पीस आणि चेतापेशीचा सांगाडा: शतकभराच्या शोधाची पार्श्वभूमी

ओठाच्या कडेला पुन्हा पुन्हा उठणारे पाणीदार फोड आणि छातीवर किंवा कमरेवर पट्ट्याने उमटणारी नागीण, दोन्हींच्या मुळाशी हर्पीस कुळातले विषाणू आहेत. दुखणे दिसते त्वचेवर, पण विषाणूचा कायमचा मुक्काम असतो चेतापेशींत. नागीण बहुधा एकाच अंगाला राहते ती यामुळेच. कांजिण्यांपासून गॅंग्लियॉनमध्ये, म्हणजे कण्याजवळच्या चेतापेशींच्या पुंजक्यात, दडून राहिलेला विषाणू जागा होतो आणि त्या पुंजक्यातून निघणाऱ्या नसेच्या हद्दीत फोड आणतो. (नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही भीती अजूनही कानावर येते. तिला काहीही आधार नाही.)

हे दुखणे नसांशी बांधलेले आहे, हा संशय जुना. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नंतर ओठाभोवती फोड उठतात, अशी नोंद अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९०५च्या सुमारास केली होती. खरी झेप मात्र अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट गुडपाश्चर यांची. सशांवर प्रयोग करून विषाणू मेंदूपर्यंत कसा पोहोचतो याचा त्यांनी माग काढला आणि १९२५मध्ये मांडले, की तो चेतापेशीच्या लांब शेपटातून, म्हणजे अक्षतंतूच्या आतूनच प्रवास करतो. तो गॅंग्लियॉनमध्ये सुप्त राहत असावा, हेही त्यांनी १९२९मध्ये सुचवले. हर्पीसचा कण तेव्हा कुणाच्या नजरेलाही पडलेला नव्हता, हे लक्षात घेतले की या तर्काचे मोल कळते. उंदरांच्या गॅंग्लियॉनमधल्या सुप्त विषाणूचा भक्कम पुरावा जॅक स्टीव्हन्स आणि मार्जरी कुक यांनी दिला तो थेट १९७१मध्ये.

पण अक्षतंतूच्या आतून जायचे म्हणजे नेमके कसे? हर्पीसचे जनुकीय द्रव्य ज्या कवचात असते त्याचा व्यास सुमारे १२५ नॅनोमीटर. पेशीतल्या दाट द्रवात असा कण नुसता इकडेतिकडे ढकलला जात राहिला, तर एक सेंटिमीटर अंतर कापायला त्याला २३१ वर्षे लागतील, असा हिशेब बेआटे सोडाइक यांनी २०००मध्ये मांडला. प्रत्यक्षात हे काम काही तासांत होते. तेव्हा कुणीतरी त्याला वाहून नेत असले पाहिजे.

याचे उत्तर विषाणुशास्त्रापाशी नव्हते. पेशीला आतून आकार देणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्याची, म्हणजे पेशीकंकालाची, ओळख आधी पटावी लागली. अक्षतंतूत द्रव्य सतत पुढे सरकत असते हे पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८मध्ये दाखवले. या जाळ्यातल्या बारीक पोकळ नळ्या, म्हणजे सूक्ष्मनलिका, ज्या ट्युब्युलिन प्रथिनाच्या बनतात ते १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती आले. सूक्ष्मनलिकांवरून माल परिघाकडे नेणारे कायनेसिन हे मोटर प्रथिन १९८५मध्ये सापडले, तेही स्क्विड या समुद्री जीवाच्या जाडजूड अक्षतंतूवरच्या कामातून. उलट दिशेने, केंद्राकडे ओढणाऱ्या डायनिनची ओळख पाठोपाठच पटली.

मग विषाणूचे धागे भराभर जुळले. सूक्ष्मनलिका मोडणारे नोकोडॅझोल हे रसायन दिले की उंदराच्या चेतातंतूंतला हर्पीसचा प्रवास रोखला जातो, हे क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये दाखवले. सोडाइक आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये या प्रवासाशी डायनिनचा संबंध जोडला, मात्र तो चेतापेशींत नव्हे, प्रयोगशाळेत वाढवलेल्या साध्या पेशींत. २०००मध्ये एलेन बेअरर यांच्या गटाने त्याच स्क्विडच्या अक्षतंतूत हर्पीसचे कण सोडले. त्यांचा वेग भरला सेकंदाला सुमारे २.२ मायक्रोमीटर.

इथवर विषाणू फुकट्या प्रवासी वाटतो. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण पुढे आहे: तो सांगाडा नुसता वापरत नाही, बदलतो. त्याचे व्हीपी२२ हे प्रथिन सूक्ष्मनलिकांच्या जुड्या बांधून त्यांना घट्ट करते, हे १९९८मध्ये दिसले. यूएस३ हे विकर सांगाड्यातल्याच ॲक्टिन या प्रथिनाचे ताणतंतू मोडते आणि पेशीला लांब फाटे फुटतात. त्या फाट्यांतून विषाणू शेजारच्या पेशींकडे पोहोचतो, असे बेल्जियममधील हर्मन फावोरील यांच्या गटाने २००५मध्ये डुकरांना होणाऱ्या हर्पीस कुळातल्याच एका विषाणूत दाखवले. चेतापेशींत याहून गंभीर गोष्ट २०१२मध्ये पुढे आली. संसर्गामुळे पेशीतले कॅल्शियम वाढते आणि कायनेसिनवरून चाललेली मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांची, ये-जा विस्कळीत होते. पेशीची स्वतःची वाहतूक अडते, विषाणूची चालू राहते.

प्रत्येक निष्कर्ष टिकला असे नाही. संसर्ग झालेल्या चेतापेशींच्या केंद्रकात ॲक्टिनचे तंतू तयार होतात, असे २००६मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेला दिसले तेव्हा कवचे त्यांवरूनच सरकत असावीत असे वाटले. २०१४मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवले, की केंद्रकातली कवचांची हालचाल या तंतूंवर अवलंबून नाही. आपलाच अंदाज असा तपासून बाजूला ठेवणे मला फार मोलाचे वाटते. सूक्ष्मनलिकांना आधार देणाऱ्या टाऊ प्रथिनावर हर्पीसच्या संसर्गात जादा फॉस्फेट चढते, हे चिली आणि ब्रिटनमधील गटांना २००८-०९च्या सुमारास आढळले. अल्झायमरमध्येही टाऊची तशीच अवस्था होते. म्हणून हर्पीसने अल्झायमर होतो असे मथळे येतात, पण कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही.

२०२१मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ग्रेगरी स्मिथ यांच्या गटाने सगळ्यात थक्क करणारा दुवा जोडला. पहिल्यांदा बाधित झालेल्या त्वचेच्या पेशीतले कायनेसिन विषाणू नव्या कणांत भरून घेतो. चेतापेशीत शिरल्यावर डायनिन त्याला केंद्रकाजवळ आणून सोडते आणि उरलेले थोडे अंतर तो या सोबत आणलेल्या कायनेसिनवर कापतो. याच गटाने यूएल३७ या प्रथिनात बदल करून असा विषाणू घडवला आहे, जो त्वचेत वाढतो पण अक्षतंतूतून वर चढू शकत नाही. लस म्हणून दिल्यावर त्याने गिनीपिगांना जननेंद्रियाच्या हर्पीसपासून संरक्षण दिले, असे २०२०मध्ये प्रसिद्ध झाले.