पीएच मीटरला नुसता ७ शिकवून भागत नाही

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत जीए (जिबरेलिक ॲसिड) या वाढ-संजीवकाच्या फवारण्या सुरू झाल्या, की पेनाएवढे पीएच मीटर खिशातून बाहेर निघतात. विहिरीच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, बरेचदा आठच्या आसपास असतो. सायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड घालून तो साडेपाच-सहापर्यंत उतरवतात. टाकीत ॲसिड किती पडणार, हे त्या इवल्या पडद्यावरचा आकडा ठरवतो.

खरं तर मीटर सामू मोजतच नाही. त्याच्या प्रोबच्या, म्हणजे पाण्यात बुडवायच्या भागाच्या, टोकाशी पातळ काचेचा फुगा असतो. फुग्याच्या आतल्या द्रावणाचा सामू ठरलेला, बाहेरच्या पाण्याचा वेगळा. या फरकामुळे किंचित व्होल्टेज तयार होतं, आणि मीटर तेवढंच वाचतो. नवा प्रोब ७ सामूला शून्याच्या जवळ असतो. तिथून पुढे २५ अंश सेल्सिअसला दर अंकामागे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो.

काच जुनी झाली, तिच्यावर खताचा थर बसला, की शून्य सरकतं आणि ५९ चे ५० होतात. असा प्रोब फक्त ७ च्या बफरवर (सामू पक्का माहीत असलेल्या द्रावणावर) लावून जुळवला तर सातला तो अगदी बरोबर दाखवेल. पण पाणी खरोखर ५ चं असेल तेव्हा प्रोब १०० मिलिव्होल्टच देतो, आणि मीटर ५९ नं भागून ५.३ दाखवतो. आपण आणखी ॲसिड ओततो! म्हणून आधी ७ आणि मग ४, असे दोन्ही बफर लागतात. माझ्या मते एका बफरवरचं कॅलिब्रेशन म्हणजे अर्धंच काम.

प्रत्येक बफरआधी प्रोब डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. टिश्यूनं पाणी नुसतं टिपा. काच घासली की तिच्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि आकडा नाचत राहतो. बफर आणि प्रोब एकाच तापमानाला येऊ द्या, आकडा थांबला की मगच बटण दाबा. वापरलेलं बफर पुन्हा बाटलीत ओतू नका. १० चं बफर तर उघडं राहिलं तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली उतरतं.

सगळ्यात जास्त प्रोब मरतात ते टोपणात. काचेचा वरचा अतिसूक्ष्म थर ओला असेल तरच ती काम करते. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं ३ मोलर द्रावण ठेवा. डिस्टिल्ड वॉटर ठेवलं तर प्रोबच्या आतले क्षार हळूहळू बाहेर झिरपतात. टोपण कोरडं सापडलंच, तर प्रोब रात्रभर त्या द्रावणात बुडवा आणि सकाळी फवारणीआधी पुन्हा ७ नि ४ वर लावून बघा.