शहरात डेंग्यू किती पसरला? मोजणीमागची पार्श्वभूमी

डेंग्यूचा सरकारी आकडा दवाखान्यात जाऊन तपासणी झालेल्यांचाच असतो. बहुतेकांना ताप जाणवतही नाही, ते त्यात येत नाहीत. म्हणून धडधाकट माणसांचे रक्त घेऊन जुन्या संसर्गाची खूण, म्हणजे आयजीजी प्रतिपिंडे, शोधतात.

1963 मध्ये कोलकात्यात रक्तस्रावी ताप पसरला, तेव्हा यासाठी एचआय (हीमॅग्लुटिनेशन इन्हिबिशन, म्हणजे रक्तपेशी चिकटणे रोखले जाते का हे पाहणारी) चाचणी होती. विषाणू हंसाच्या (गूज) तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतो. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, प्रतिपिंडे असली तर त्या चिकटत नाहीत, तळाशी बटणासारख्या गोळा होतात. सीरम आधी केओलिन मातीने किंवा अ‍ॅसिटोनने धुतले नाही, तर त्यातले इतर घटकच पेशींना रोखतात आणि निकाल खोटा पॉझिटिव्ह येतो. शिवाय डेंग्यू की जपानी मेंदूज्वर, हे या चाचणीला नीट सांगता येत नसे.

एलायझा (प्रतिपिंडे रंगावरून ओळखणारी चाचणी) किट आल्यावर काम झटपट झाले, पण घोळ ‘आयजीजी किट’ या नावातच आहे: या एकाच नावाखाली कॅप्चर आणि इनडायरेक्ट असे दोन प्रकार येतात. कॅप्चर किटची पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादारेषा मुद्दाम वर ठेवलेली असते, कारण तापाच्या रुग्णाला दुसऱ्यांदा डेंग्यू झालाय का, हे त्यातून ओळखायचे असते. पाच वर्षांपूर्वी संसर्ग होऊन गेलेला माणूस त्या रेषेखाली राहतो आणि ‘निगेटिव्ह’ ठरतो. सर्वेक्षणाला इनडायरेक्ट किटच लागते. अहवालात किटचा प्रकार नसेल, तर दोन शहरांची टक्केवारी शेजारी मांडूच नये.

2017-18 मध्ये 15 राज्यांतल्या 60 जिल्ह्यांत सुमारे 12,300 नमुने घेतले गेले. एकूण 48.7 टक्के पॉझिटिव्ह निघाले. शहरी भागात 70.9, ग्रामीण भागात 42.3. आमच्या मते खरी माहिती वयोगटांत आहे: 5 ते 8 वर्षांत 28.3, 9 ते 17 मध्ये 41 आणि 18 ते 45 मध्ये 56.2 टक्के. प्रौढांचा आकडा गेल्या कित्येक वर्षांची बेरीज असतो. विषाणू अलीकडे किती वेगाने फिरतोय, ते लहान मुलांच्या आकड्यावरून कळते.

डेंग्यूच्या पहिल्या लसीमुळे या टक्केवारीला वजन आले. 2016 मध्ये 70 टक्के किंवा जास्त लोक पॉझिटिव्ह असलेल्या भागांसाठी लस सुचवली गेली. पुढच्या वर्षी कळले, की आधी संसर्ग न झालेल्या मुलांना लसीनंतर तीव्र डेंग्यूचा धोका वाढतो. 2018 मध्ये प्रत्येकाची आधी तपासणी, असा सल्ला आला. म्हणजे त्या लसीच्या बाबतीत खोटा पॉझिटिव्ह निकाल थेट मुलाच्या जिवावर बेतू शकत होता. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस दिली जाते आणि तिची प्रतिपिंडे डेंग्यूच्या किटवरही पॉझिटिव्ह दिसू शकतात. तिथे लसीची नोंद विचारून घ्यावी आणि मर्यादारेषेजवळचे नमुने पीआरएनटीने (प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ करतात का, हे पाहणाऱ्या चाचणीने) पुन्हा तपासावेत, जरी त्यात जिवंत विषाणू आणि आठवडाभराचा वेळ लागतो.