ऑनलाइन शैक्षणिक संवाद

शिक्षक व विद्यार्थी, तसेच विद्यार्थी व विद्यार्थी यांच्यात इंटरनेटवरून चालणारे, अध्यापनाचा भाग म्हणून योजलेले संभाषण म्हणजे ऑनलाइन शैक्षणिक संवाद. रेकॉर्ड केलेले व्याख्यान किंवा पाठवलेल्या नोट्स यात मोडत नाहीत. उलट उत्तर देण्याची सोय नसेल, तर ते नुसते प्रसारण ठरते. सगळे एकाच वेळी हजर असतात तो समकालिक संवाद (व्हिडिओ तास, चॅट) आणि ज्याने-त्याने आपल्या सवडीने भाग घ्यायचा तो असमकालिक (चर्चामंच, ईमेल, ध्वनिसंदेश).

या पद्धतीची मुळे इंटरनेटहून जुनी आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकाधारित अध्यापनप्रणाली सुरू झाली. तिच्यावर १९७३ मध्ये ‘टॉकोमॅटिक’ हा चॅट आणि ‘नोट्स’ ही चर्चेची सोय आली. ‘नोट्स’ मुळात प्रणालीतले दोष कळवण्यासाठी बनवली होती. वापरणाऱ्यांनी तिचा गप्पांचा कट्टा केला. पुढे न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मरे टुरॉफ यांनी संगणक-परिषदेची, म्हणजे संगणकावरून लेखी संदेशांतून चालणाऱ्या सामूहिक चर्चेची, प्रणाली उभारली आणि तिच्या आधारे स्टार रॉक्सॅन हिल्ट्झ यांनी १९८० च्या दशकात ‘आभासी वर्गा’चे प्रयोग केले. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९८८ मध्ये दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी संगणक-परिषद मोठ्या प्रमाणावर वापरली. २००२ मध्ये आलेल्या ‘मूडल’ या ऑनलाइन अध्यापनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे चर्चामंच सामान्य शाळा-महाविद्यालयांच्याही आवाक्यात आला. २०२० च्या महासाथीत तर ज्यांनी कधी याचा विचारही केला नव्हता, असे शिक्षकही रातोरात पडद्यासमोर बसले.

असमकालिक चर्चेचे खरे बळ वेळेत आहे. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. हा विराम तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. लेखी चर्चेत हाच विराम तासांचा किंवा दिवसांचा होतो. शब्द जुळवायला वेळ लागणारे, परक्या भाषेत शिकणारे किंवा चारचौघांत बुजणारे विद्यार्थी इथे खुलतात. मात्र ज्यांना लिहिणेच जड जाते, त्यांची अडचण वाढते.

पण वेळ दिला म्हणजे चर्चा रंगतेच असे नाही; सगळी भिस्त प्रश्नावर असते. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ असे विचारले, की पहिल्या विद्यार्थ्याने पुस्तकातली व्याख्या उतरवायची आणि बाकीच्यांनी ‘सहमत’ म्हणायचे, एवढेच उरते. त्याऐवजी ‘भल्यामोठ्या झाडाचे वजन येते कुठून?’ असे विचारले तर तट पडतात. बरेच जण माती म्हणतात. यावर अनुभवी शिक्षक उत्तर सांगून टाकत नाही, माहितीचा एक तुकडा पुढे सरकवतो: सतराव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट यांनी विलोचे रोप कुंडीत पाच वर्षे वाढवले, झाडाचे वजन सुमारे ७४ किलो वाढले, माती मात्र जेमतेम ५७ ग्रॅम घटली. आता सगळे पाण्याकडे वळतात. खुद्द व्हॅन हेल्माँट यांचाही निष्कर्ष तोच होता आणि तो अपुरा होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपर्यंत वर्ग पोहोचतो तो पुढच्या खेपेला.

इथे शिक्षकाने कधी बोलायचे हेही कसबाचे काम. प्रत्येक नोंदीला लगेच उत्तर दिले, तर विद्यार्थी एकमेकांशी बोलायचे सोडून त्याच्याकडेच पाहू लागतात. अजिबात फिरकले नाही, तर चर्चा भरकटते किंवा विझते. गॅरिसन, अँडरसन व आर्चर या शिक्षणसंशोधकांनी २००० मध्ये मांडलेल्या ‘जिज्ञासू समुदाय’ या प्रारूपात सामाजिक, बोधात्मक व अध्यापकीय अशा तीन ‘उपस्थिती’ मानल्या आहेत. त्यांतल्या तिसरीचे काम चर्चेची आखणी करणे आणि तिला दिशा देणे हे आहे. दर आठवड्याच्या शेवटी विद्यार्थ्यांची वाक्ये नावानिशी गुंफून ‘कोण कुठे पोहोचले’ असा छोटा गोषवारा देण्याची रीतही याच कामात मोडते. मूडलमध्ये स्वतःची नोंद केल्याखेरीज इतरांची उत्तरे न दाखवणारा चर्चामंचही असतो. ‘सहमत’च्या साथीवर तो बऱ्यापैकी उतारा आहे.

व्हिडिओ तासात संवाद साधणे अधिक कठीण जाते. आवाज किंचित उशिरा पोहोचतो, नजरेला नजर भिडत नाही, त्यामुळे बोलण्याची पाळी कोणाची हे कळत नाही. म्हणून चॅटमध्ये सर्वांनी उत्तर टाइप करायचे, पण सांगेपर्यंत पाठवायचे नाही, अशा युक्त्या वापरल्या जातात. लहान गटांच्या आभासी खोल्या (ब्रेकआउट रूम) उपयोगी पडतात, पण हाती ठोस काम दिले असेल तरच. कॅमेरा सुरू ठेवण्याच्या सक्तीबद्दल मतभेद आहेत: चेहरे दिसले की शिक्षकाला हुरूप येतो, परंतु विद्यार्थ्याच्या घरातली परिस्थितीही सर्वांसमोर उघडी पडते.

सहभागाला गुण देण्याची पद्धत बरीच रूढ असली, तरी ‘एक नोंद, दोन प्रतिसाद’ असा हिशेब लावला की विद्यार्थी मुदतीच्या आदल्या रात्री तेवढेच भरून मोकळे होतात. शिक्षकावरचा वाचनाचा बोजा ही दुसरी अडचण. जॉर्जिया टेक या संस्थेत २०१६ मध्ये चर्चामंचावरच्या नेहमीच्या शंकांना ‘जिल वॉटसन’ नावाचा संगणकीय सहायक उत्तरे देत होता आणि तो माणूस नाही हे बहुतेक विद्यार्थ्यांच्या लक्षात आले नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून चित्र उलटले असून आता विद्यार्थ्यांची नोंद कोणी लिहिली, हा प्रश्न शिक्षकांना पडतो. त्यावर काही जण लेखी नोंदीऐवजी ध्वनिसंदेश मागतात, तर काही जण सहाध्यायाचे एखादे नेमके वाक्य उचलून त्याला आपल्या निरीक्षणातून उत्तर द्यायला सांगतात.