गोव्यात कंटेनरचे घर : ‘तात्पुरते’ कुठपर्यंत चालते?

गोव्यात कंटेनरच्या घराची चौकशी बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते : याला बांधकाम परवाना लागतो का? विकणारा सांगतो, लागत नाही. पाया नाही, चिरा (जांभा दगड) नाही, उद्या क्रेन लावून कंटेनरचा डबा उचलता येतो, मग परवाना कशाला? बार्देश, पेडणे, काणकोण भागांत हे उत्तर इतक्यांदा दिले गेले आहे की तो जणू नियमच आहे असे लोक धरून चालतात. तसा नियम नाही. ही समजूत कुठून आली हे समजून घ्यायचे, तर डब्याच्या इतिहासापेक्षा इथल्या किनाऱ्याचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास जास्त उपयोगी पडतो.

डब्याचा इतिहास चार ओळींत सांगता येतो. एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन पहिले जहाज गेले. १९६८ मध्ये मापांचे आंतरराष्ट्रीय मानक आले. १९७२ च्या सुरक्षा करारामुळे (लागू १९७७ पासून) प्रत्येक पेटीला तपासणीची पाटी बसली. पेट्या जोडून राहण्याजोगी इमारत करण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९८९ चे आहे. पुढे ॲमस्टरडॅममध्ये विद्यार्थ्यांसाठी सुमारे हजार खोल्यांची वसाहत कंटेनरच्या मापाच्या डब्यांतून उभी राहिली, तीही पाच वर्षांसाठी म्हणून, आणि मुदत संपल्यावरही काही वर्षे तिथेच राहिली. ‘तात्पुरते’ म्हणून आलेला डबा मुक्काम ठोकतो, हे फक्त गोव्यातच घडते असे नाही.

मुरगाव बंदराची ओळख लोहखनिजाची. कंटेनरची वाहतूक तिथे नेहमीच किरकोळ राहिली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या डब्यांचा बाजार उरण-पनवेलच्या यार्डांत जमला, आणि गोव्यातले बरेच जुने डबे तिथूनच ट्रेलरवर येतात. गोवेकरांनी पत्र्याची खोली त्याआधीच पाहिली होती : खाणींच्या आवारात आणि रस्त्या-पुलांच्या कामांवर, साइट ऑफिस म्हणून. ती पोर्टा केबिन. चॅनेल-अँगलच्या सांगाड्यावर पातळ पत्रा आणि आतून प्लाय, एवढीच ती असते. आज ‘कंटेनर होम’ म्हणून विकले जाते त्यातले बरेचसे प्रत्यक्षात हेच असते. जहाजाच्या डब्याचे वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर उतरते आणि तो भरलेल्या अवस्थेत एकावर एक रचता येतो. पोर्टा केबिनवर दुसरा मजला चढवायचा म्हटले तर खालचा सांगाडा नव्याने मोजून बांधावा लागतो. विकत घेताना कोपऱ्यात लोखंडी ओतीव ठोकळे, म्हणजे कॉर्नर कास्टिंग, आहेत का ते पाहावे. ते नसतील तर तो जहाजावर गेलेला डबा नव्हे.

आता मूळ मुद्दा. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांत नवे बांधकाम जवळपास बंद झाले. पर्यटन मात्र त्याच पट्ट्यात वाढत होते. यातून वाट निघाली ती हंगामी शॅक (वाळूवरची उपाहारगृहे) आणि कोको हटांची (पर्यटकांना राहायच्या झोपड्या) : बांबू, सुरूचे वासे, चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झापे, चटया. चतुर्थीनंतर उभारायचे आणि पाऊस लागण्याआधी सोडवून ठेवायचे. जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आल्या. त्यांत सप्टेंबर ते मे या काळात परंपरेने उभारल्या जाणाऱ्या निव्वळ तात्पुरत्या, हंगामी बांधकामांना जागा मिळाली. २०१९ ची अधिसूचना दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत २०० मीटरांचे ५० करते, पण किनारी क्षेत्राच्या नव्या व्यवस्थापन आराखड्याला मंजुरी मिळाल्यावरच. तोवर जुनी रेषाच धरावी. नद्या आणि खाड्यांच्या काठालाही ही बंधने आहेत, हे शापोरा किंवा तळपणच्या काठी जमीन घेणारे हमखास विसरतात.

कंटेनर शिरला तो याच ‘तात्पुरत्या’च्या दारातून. युक्तिवाद असा : बांबूची झोपडी तात्पुरती, कारण ती जमिनीत रुतलेली नाही, कंटेनरही रुतलेला नाही, म्हणून कंटेनरही तात्पुरता. इथेच गल्लत आहे. झोपडीला सवलत मिळाली ती ती दरवर्षी खरोखर निघते म्हणून, आणि पावसाळ्यात वाळू, भरती आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा मोकळ्या राहतात म्हणून. पाया नसणे ही त्या व्यवस्थेतली सोय होती, सवलतीचे कारण नव्हते. बारा महिने एकाच जागी बसलेला डबा पाया नसूनही त्या कसोटीवर नापास होतो.

यात तीन वेगळे प्रश्न एकात कालवले जातात. पहिला : डबा ही जंगम मालमत्ता की स्थावर? हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा प्रश्न, आणि तिथे ‘जमिनीशी जोडलेले’ म्हणजे काय, कोणत्या हेतूने जोडलेले, हे पाहिले जाते. सुटा डबा जंगम ठरू शकतो. विक्री आणि कर्ज या कामांपुरता त्याला अर्थही आहे. दुसरा : जमिनीचा ‘विकास’ झाला का? १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात जमिनीवर, जमिनीत, जमिनीच्या वर किंवा खाली केलेले काम तर येतेच, शिवाय जमिनीच्या वापरात झालेला भरीव बदलही येतो. भाटात (माडांच्या बागेत) डबा ठेवून त्यात कुटुंब राहू लागले की वापर बदलला. डब्याला चाके असली तरी बदलला. तिसरा : जमीन बिगरशेती आहे का? १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खालची सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, ही जमिनीची असते. वर चिरा ठेवला की पोलाद, हे ती विचारत नाही. पहिल्या प्रश्नाचे सोयीचे उत्तर उरलेल्या दोन प्रश्नांना चिकटवायचे, हीच विक्रेत्याची सगळी हुशारी. पंचायतीचे नुसते ‘ना हरकत’ पत्र म्हणजेही १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खालचा परवाना नव्हे. घरपट्टीची पावती तर मुळीच नव्हे.

उलट बाजूही खरी आहे. नियमांच्या चौकटीत डबा बसवणे अवघड आहे, आणि त्याचे कारण सेंटिमीटरांत सांगता येते. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर मागते, वातानुकूलित असल्यास २.४. खोली एकच असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर आणि २.४ मीटर रुंद हवी. दुसऱ्या खोलीला २.१ रुंदी चालते. साध्या डब्याची आतली उंची सुमारे २.३९ मीटर, म्हणजे छताला काहीही न लावताच तो बाद. हाय-क्यूब, म्हणजे फूटभर जास्त उंच डबा, २.६९ भरतो, एसी लावला तर चालेल, नाहीतर सहा सेंटिमीटरांनी अडतो. आतली रुंदी २.३५, दोन्ही भिंतींना ५० मिमी फोम आणि त्यावर बोर्ड लावल्यावर उरते २.२२ च्या आसपास. थोडक्यात, नियमात बसणारे घर एका डब्यात होत नाही. दोन हाय-क्यूब शेजारी ठेवून मधल्या भिंती कापाव्या लागतात. आराखडा राज्याच्या २०१० च्या बांधकाम नियमांशीही ताडावा आणि तांत्रिक मंजुरी डबा आणण्याआधी घ्यावी.

कापण्याचा क्रम चुकला तर डबा वाकतो. १.६ मिमीचा नागमोडी पत्रा हा डब्याचा नुसता आडोसा नसून कणा आहे. वरच्या आणि खालच्या कडेला तोच ताठ ठेवतो. वरची कड म्हणजे साधारण ६० × ६० मिमीचा, ३ मिमी जाडीचा पोकळ पाइप. ४० फुटी डब्याची अख्खी बाजू कापली की हा पाइप मध्ये झोल खातो आणि दारे-खिडक्या अडकू लागतात. म्हणून चौकट आणि मधले खांब आधी वेल्ड करायचे, पत्रा नंतर कापायचा. दोन डब्यांमधली फट नुसत्या सिलिकॉनने बुजवू नये : तापमानात ३० अंशांचा फरक पडला की १२ मीटर पोलाद सुमारे ४ मिमी लांबते-आखडते आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सील सुटते. फटीवर वाकवलेल्या पत्र्याची टोपी हवी, एका बाजूला पक्की आणि दुसरीकडे सरकती.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस, आणि त्यात खारा वारा. डब्याचे कॉर्टेन पोलाद गंजत नाही ही जाहिरातीतली ओळ इथे लागू पडत नाही. त्या पोलादावर गंजाचाच घट्ट थर बसून तो पुढचा गंज रोखतो खरा, पण हवेत मीठ असेल तर तो थर पक्का होत नाही, सुटत राहतो. मीठ गोड्या पाण्याने धुऊन, गंज घासून, झिंकयुक्त एपॉक्सी प्रायमर, एपॉक्सी आणि वर पॉलियुरेथेन असे थर द्यावे लागतात. वेल्डच्या जागी तर पुन्हा. डब्याच्या छतावर पाणी साचते, म्हणून त्यावर वेगळे छप्पर हवेच : ४५० ते ६०० मिमी मोकळी हवा सोडून, कमीत कमी ९०० मिमी पागोळी बाहेर काढून, आणि त्याचे टेकू छताच्या पत्र्यावर न देता कोपऱ्यांच्या खांबांवर देऊन. पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्यात चुडतांची झड (पाऊस अडवणारा पडदा) बांधायची आपली पद्धत डब्यालाही लागू पडते. कोपऱ्यांचे ओतीव ठोकळे पोकळ असतात. वरच्यांची भोके पट्टी वेल्ड करून बंद करावीत, खालच्यांची मात्र उघडी ठेवावीत. उलटे केले तर खारे पाणी आत डांबले जाते आणि कोपरा आतून कुजतो. आतल्या बाजूला ग्लासवूल भरल्यास पावसाळ्यात पत्र्याला सुटणारा घाम ते शोषून घेते आणि भिजलेलेच राहते. पत्र्याला चिकटणारा बंद पेशींचा फोमच फवारावा. विजेला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच हवा, कारण अख्खे घर पोलादाचे आहे.

आणि इथेच ‘उचलून नेता येतो’ हा दावा मोडतो. इथल्या पावसात टिकायचे तर डबा निदान ४५० मिमी उंच चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या जोत्यावर हवा, खालून वारा खेळायला. त्याला सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा हवा, आणि ते तर कोणत्याही व्याख्येने बांधकामच. वर छप्पर, मध्ये कापलेल्या भिंती. रिकामा ४० फुटी हाय-क्यूब चार टनांच्या आतबाहेर असतो. सजवल्यावर तो सहा-सात टनांवर जातो, आणि कापलेल्या बाजूला तात्पुरते आधार वेल्ड केल्याशिवाय त्याला हुक लावता येत नाही. हायड्रा क्रेन अगदी जवळ उभी राहिली तरच एवढे उचलते. हात लांबवला की तिची ताकद झपाट्याने घटते. वाड्यावरचा रस्ता तीन मीटरांचा, वर विजेच्या तारा, वळणावर माडाचे खोड. शॅकचे वासे चार माणसे दोन दिवसांत सोडवतात. हा डबा दरवर्षी कोणीही हलवत नाही. डबा जितका चांगला बसवावा, तितका त्याचा तात्पुरतेपणाचा दावा दुबळा होतो. म्हणून तो घर म्हणूनच मंजूर करून घ्यावा, किंवा खरोखरच हंगामी काही हवे असेल तर बांबू-लाकडाकडे वळावे.

जुना डबा घेताना दोन गोष्टी दारापाशीच तपासता येतात. एक, दारावरची पाटी. तिच्यावर लाकडी भागांवर कोणती प्रक्रिया केली, त्या रसायनाचे नाव आणि तारीख असते. तळाचा २८ मिमी प्लाय बहुधा कीटकनाशकाने मुरवलेला असतो. राहत्या घरासाठी तो काढून टाकावा, निदान एपॉक्सीने पूर्ण बंद करून वर नवी जमीन करावी. दुसरी, कागद. परदेशी डबे सहा महिन्यांत परत निर्यात करण्याच्या बंधपत्रावर सीमाशुल्काविना देशात येतात. तो डबा इथेच विकायचा तर शुल्क भरल्याचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्क कागद, हवे, आणि त्यावरचा क्रमांक डब्यावरच्या चार अक्षरे-सात आकड्यांशी जुळायला हवा. क्रमांक ग्राइंडरने घासून वर रंग फासलेला असेल तर तो डबा घेऊ नये.